लेक तबला वाजवते; पण "क्लासमध्ये मुलगा नाही का कुणी?"

गोदाकाठची
२ जुलै, रात्री १०:५०

दोन दिवस लिहू की नको चाललंय. शेवटी लिहितेच.

लेक पंधरा वर्षांची, यंदा दहावी. सातव्या वर्षापासून तबला शिकते. गांधर्वच्या परीक्षा देत देत मध्यमा पूर्ण झाली, आता विशारदची तयारी. घरात गाण्याबजावण्याची परंपरा वगैरे काही नाही. आम्ही पंचवटीतले, ह्यांचं दुकान, मी बँकेत. शेजारच्या वाड्यात क्लास होता, ही पायरीवर बसून मांडीवर थापा मारायची, सरांनीच एक दिवस आत बोलावून घेतलं. एवढीच कथा.

परवा एका देवळात अभंगांचा कार्यक्रम होता. नेहमीचे तबलजी तापाने आडवे, म्हणून सरांनी हिचं नाव दिलं. ही हवेत. पट्टी, म्हणजे गायकांचा सूर, कोणती ते मात्र तीन फोन करूनही कुणी सांगेना. मग वेगवेगळ्या सुरांचे दोन तबले घेतले. स्कूटीवर पुढे पायांत डग्गा, मागे ही, तिच्या मांडीवर दोन तबले, वरून पावसाची भुरभुर. माझा रेनकोट तबल्यांना घातला आणि मी भिजले.

पोचल्यावर आयोजक काका दारातच. "या या! तबलजी कुठायत?" ही म्हणाली, "मीच." काका हसले, आत गेले, गायकांच्या कानाशी काही बोलले आणि बाहेर आले ते माझ्याशी बोलायला, तिच्याशी नाही. "ताई, कार्यक्रम मोठा आहे, शेवटी सगळं द्रुत आहे. मुलीचा हात पुरायचा नाही. क्लासमध्ये मुलगा नाही का कुणी?"

मुलगा होता. ऐकायला म्हणून आलेला, हिच्यापेक्षा दोन परीक्षा मागे. त्याला बसवला, तबले हिचेच. आणि रिकामी कशाला बसेल म्हणून हिच्या हातात झांजा दिल्या.

तिने वाजवल्या. रडली नाही, चिडली नाही. घरी येऊन तबले पुसले, कव्हरं घातली आणि म्हणाली, "आई, लग्गीत तो दोनदा सुटला होता. मी झांजेवर सम ठोकून दिली म्हणून परत आला." (लग्गी म्हणजे शेवटचं जलद वाजवणं, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा.)

सहानुभूती नकोय. मला विचारायचंय ते एवढंच: नाशकात मुली साथीला बसतात का? बसत असतील तर त्यांची सुरुवात कुठून झाली? आमच्या वन्सं म्हणतात, "अजून वेळ गेली नाही, गाणं शिकव, नाहीतर कथक."

---

मिसळ_विदाउट_तर्री
२ जुलै, रात्री ११:०४

झांजा. आईशप्पथ.

---

सिडकोची_सई
२ जुलै, रात्री ११:३१

ताई, मी ढोलपथकात आहे, चौथं वर्ष. आमच्या पथकात मुली निम्म्याहून जास्त. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या मुलींनी ढोल घेतला त्याला कितीतरी दशकं झाली, आता नाशकात पाडव्याला गंगेवर (म्हणजे आपल्या गोदाकाठी) महावादन असो की गणपतीची मिरवणूक, पोरी ढोल घेऊन उभ्या आहेत याचं कुणाला काही वाटत नाही.

पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की मरेन. ढोल कमरेला आवळून बांधला की पहिली दहा मिनिटं श्वासच नीट लागत नाही. तिसऱ्या दिवशी टिपरू धरायच्या हाताला अंगठ्याच्या बेचक्यात फोड, पाचव्या दिवशी फुटला, वर चिकटपट्टी गुंडाळून वाजवलं. थापीचा हात असा सुजला की अंगठी निघेना, साबण लावून काढली. पण मिरवणूक वाकडी बारवेकडून निघून रविवार कारंजाला येईपर्यंत आपल्याला हात आहेत हेच विसरायला होतं.

आता तुमच्या मुद्द्याशी जोडून एक सांगते. ढोल सगळे मिळून वाजवतात, चाळीसमधली मी एक. हात, म्हणजे वाजवायचा प्रकार, कधी बदलायचा, लय कधी चढवायची, हे ताशावरून कळतं. आमच्याकडे ताशे सहा आणि त्यात मुलगी एक. दोन वर्षं मागे लागलेय की मला शिकवा. उत्तर काय? "ताशा बारीक काम आहे गं." म्हणजे ढोल जड म्हणून बायकांना नको, असं आधी. आता ढोल पेलला, तर ताशा नाजूक म्हणून नको!

---

बिनधास्त_बाबूराव
३ जुलै, सकाळी ७:१२

सकाळी सकाळी शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

आयोजकाची बाजूही बघा. त्याने लोकांना कार्यक्रम कबूल केलाय. पंधरा वर्षांची अनोळखी मुलगी समोर आली, तो घाबरला. मुलगा असता तरी कदाचित घाबरला असता. आणि निसर्गाने काही फरक केलाय की नाही? पंजा लहान, मनगट बारीक. तबला म्हणजे काही वीणा नाही. पोरींनी वाजवू नये असं मी म्हणत नाही, पण उगाच प्रत्येक गोष्टीत अन्याय शोधू नये.

---

मिसळ_विदाउट_तर्री
३ जुलै, सकाळी ७:२०

बाबूराव, मुलगा पण अनोळखीच होता की. आणि परीक्षांत मागे. त्याला बघून नाही घाबरले काका.

---

तबलेवाली
३ जुलै, दुपारी २:१५

वीस वर्षं कॉलेज रोडला तबला शिकवतेय, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं शक्य नाही. मोठं होईल, चहा घेऊन बसा.

आधी पंजा. बाबूराव, तबला ताकदीवर वाजत असता तर तालमीतले पैलवान खलिफा, म्हणजे घराण्याचे प्रमुख, झाले असते. "हात पुरत नाही" असं ज्याला म्हणतात ते बहुतेक वेळा खांद्याचं दुखणं असतं. खांदा आवळला की कोपर आवळतं, मग मनगट, मग तिरकिट चिरडतं. ज्याचं मनगट सैल त्याचा हात द्रुतमध्ये टिकतो, तो मुलगा असो की मुलगी. डग्ग्यावर घुमारा काढतात तो तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने, दाब कमी-जास्त करत पुडीवर सरकवून. तिथे वजन लागतं ते गव्हाची कणीक मळताना जेवढं लागतं तेवढं. आणि हात लहान असेल तर वाद्य हाताच्या मापाचं घ्यावं. नऊ-दहा वर्षांच्या मुलांनाही आपण हेच सांगतो ना?

आता माणसं. डॉ. आबान मिस्त्री, मुंबईच्या पारशी घरातल्या, जन्म १९४०. पं. केकी जिजिना यांच्याकडे शिकल्या. एकल तबलावादन तर केलंच, शिवाय "पखावज और तबला के घराने एवं परम्पराएँ" हा त्यांचा ग्रंथ १९८४ चा. आज तबल्याचा कुठलाही विद्यार्थी घराण्यांवर उत्तर लिहितो तेव्हा त्यांच्या कामाला टेकूनच लिहितो, त्याला माहीत असो नसो. २०१२ साली गेल्या. अनुराधा पाल या उस्ताद अल्लारखाँ आणि उस्ताद झाकीर हुसेन यांच्या शिष्या. १९९६ मध्ये त्यांनी "स्त्री शक्ती" हा बायकांचाच वाद्यवृंद उभा केला. कोलकात्याच्या रिम्पा शिवा फरुखाबाद घराण्याचा बाज वाजवतात, वडिलांकडूनच शिकल्या. आपल्याकडे पं. सुरेश तळवलकरांच्या कन्या सावनी. हे सगळे व्हिडिओ सहज सापडतील. त्या काकांना पाठवा, द्रुतच पाठवा.

पण गोदाकाठची, तुमचा खरा प्रश्न हा नाहीच, आणि मला तो फार जवळचा आहे. एकल वादनात मुलीला सगळे टाळ्या देतात. "बघा, मुलगी असून!" त्या टाळ्या मलाही भरपूर मिळाल्या. स्पर्धेत बक्षीस, पेपरात फोटो, महिला दिनाला शाल. आणि मग ८ मार्च संपला की फोन बंद. साथीचं बोलावणं येत नाही. तबलजीचं पोट मात्र साथीवर असतं, एकल वादनावर नाही; आणि तबला पिकतोही साथीतच, दुसऱ्याच्या श्वासावर कान ठेवून. मला पहिली पाच वर्षं कुणी बोलावलं माहितीये? कथकच्या क्लासांनी. तिथे रोज तबला लागतो, ततकाराला, तोड्यांना, परणींना. रोज दोन-दोन तास. मानधन जेमतेम पेट्रोलपुरतं, पण कुणी तोंडाकडे बघत नाही, सगळ्यांचं लक्ष पायांकडे असतं. तिथे मी साथ शिकले.

तुमच्या लेकीने झांजेवर सम दाखवून दुसऱ्याला परत आणलं, ही साथ आहे. ती येतेय तिला.

एक व्यवहारातली गोष्ट. मुली बहुतेक काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातल्या) तबल्यावर रियाज करतात, कारण क्लासमध्ये तोच असतो. बायका गातात काळी चार-पाचच्या आसपास. तिथे मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा तबला लागतो आणि हाताखाली तो वेगळाच वाटतो, "ना" लवकर फुटत नाही, बोटाला जरा वाट बघावी लागते. बोलावणं आलंच तर ते आधी गायिकांकडून येईल. काळी चारचा एक तबला घेऊन ठेवा.

---

सिडकोची_सई
३ जुलै, दुपारी २:४०

महिला दिनाची शाल!! आमच्या पथकालाही दर वर्षी ८ मार्चलाच सगळ्यांचे फोन.

---

लेणीवेडा
३ जुलै, रात्री ९:०५

थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

औरंगाबादच्या लेण्यांत, म्हणजे विद्यापीठामागच्या डोंगरातल्या (वेरूळ नव्हे, लोक नेहमी घोळ करतात), सातव्या क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर एक शिल्पपट आहे. मधे नाचणारी स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा वादक. सहाच्या सहा बायका. बासरी आहे, टाळ आहेत आणि तालवाद्यंही आहेत. काळ साधारण सहावं शतक. नाशिकहून सकाळी लवकर निघालात तर दुपारी बघून रात्री घरी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गाइड नर्तकीबद्दलच बोलत होता. तिच्या कमरेचा बाक, दागिने, सगळं. मी बॅटरी ढोल वाजवणारीवर धरली. मान किंचित वळलेली, नजर नाचणारीकडे. तबलेवाली ताई म्हणतात ती साथ, ती दगडात आहे.

म्हणजे "बायकांनी कधी वाजवलंच नाही" हे खोटं आहे. मधेच कुठेतरी हातातून गेलं. कसं गेलं यावर माझं एक मत आहे. तबला पिढ्यान्‌पिढ्या व्यावसायिक वादकांच्या घरांत बापाकडून मुलाकडे जात राहिला आणि त्याचं मोठं काम तवायफांच्या मैफलींत साथीचं होतं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पलुस्करांनी गाणं घराघरांत नेलं. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि आयुष्याच्या उत्तरार्धात इथे आपल्या पंचवटीत रामनामाचा आश्रम केला, हे नाशिककरांना सांगायला नको. त्या लाटेत मध्यमवर्गीय मुली गायला लागल्या, हार्मोनियम, सतार शिकायला लागल्या. तबल्याला मात्र तीच जुनी "तबलजी" ही शिवी चिकटून राहिली. शिवाय कातड्याचं वाद्य, सोवळ्याओवळ्याचं झंझट. गाणं घरात आलं आणि तबला ओसरीवरच राहिला.

अवांतरातलं अवांतर: नाट्यशास्त्रात वाद्याच्या तोंडाला नदीकाठची काळी माती लावायला सांगितलीय, तबल्यावरच्या आजच्या काळ्या शाईची ती आजी. गंगेवर फिरायला गेलो की मला हटकून ते आठवतं.

---

कावेरी_ते_गोदावरी
४ जुलै, सकाळी ११:२०

मी मूळची नाशिकरोडची, पंधरा वर्षं बेंगळुरूत काढून परत आलेय, त्यामुळे तिकडचं थोडं.

सुकन्या रामगोपाल यांचं नाव ऐकलंय का? घटम वाजवतात. हो, मातीचा घट, पोटाशी धरून. जन्म १९५७, मयिलादुतुराईच्या. चेन्नईत व्हायोलिन शिकायला गेल्या आणि शेजारच्या खोलीतल्या मृदंगाने त्यांना ओढलं. हरिहर शर्मा त्यांचे गुरू. त्यांचेच चिरंजीव घटमवादक विक्कू विनायकराम. घटम शिकायचा हट्ट धरला तर विनायकरामांचं म्हणणं असं की हे वाद्य मुलीच्या हाताला झेपायचं नाही. हरिहर शर्मांनी ठरवलं, मी शिकवतो. विनायकराम अमेरिकेत होते तेवढ्या काळात ही मुलगी तयार. परत आल्यावर ऐकलं आणि त्यांनीच मग कौतुक केलं. पुढे वेगवेगळ्या सुरांचे घट मांडून त्यावर राग वाजवायचा "घटतरंग" त्यांनी केला. २०१४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आहे त्यांना.

त्यांनीही सांगितलेलं आहे की बाई घटमवर आहे म्हणून मृदंगवाले साथीला बसायला नाखूश असायचे. तिथे हे दुखणं जुनंच आहे. पालघाट मणि अय्यर, मृदंगातलं केवढं मोठं नाव, कितीतरी वर्षं ते गायिकांना साथच करत नसत. डी. के. पट्टम्माळ यांच्यापासून त्यांनी ते मोडलं. म्हणजे तिकडे गाणारी बाई चालत नव्हती, इकडे वाजवणारी चालत नाही. आणि आता बघा, विजयवाड्याच्या मृदंगवादक दंडमुडी सुमती यांना २०२१ साली पद्मश्री.

लेकीला म्हणावं, तुला निदान झांजा तरी दिल्या. (हा विनोद आहे. फेकून मारू नका.)

---

संवादिनीवाला
४ जुलै, रात्री १०:१५

मी पेटी वाजवतो. गेली अठरा वर्षं सुगम, अभंग, नाट्यगीतं. जिल्हाभर फिरतो, निफाड, सिन्नर, येवला, दिंडोरी. आम्हीच तबलजी सुचवतो, त्यामुळे खरं काय ते सांगतो. कुणाला आवडेल असं नाही.

माझ्या फोनमध्ये अकरा तबलजींचे नंबर आहेत. त्यात मुलगी एकही नाही. आज हा धागा वाचून मोजले.

हात पुरत नाही हे कारण नाही. तसं म्हणायला सोपं जातं म्हणून म्हणतात. खरी कारणं वेगळी. कार्यक्रम रात्री बाराला संपतो, येवल्याहून गाडी निघते, पाच पुरुष, एक मुलगी. तिला घरी सोडायची जबाबदारी कुणाची? तिच्या घरच्यांचे चार फोन येणार. मुक्काम असेल तर वेगळी खोली, आयोजक कुरकुरतो. कपडे बदलायला जागा नसते. आम्ही पडद्यामागे झब्बा चढवतो. यातलं काहीच तबल्याबद्दल नाही. पण नंबर फिरवताना हे सगळं एका सेकंदात डोक्यात येतं आणि बोट खालच्या नावावर जातं.

आणखी एक, हे जरा जास्त कडू. काही गायकांना मागचा तबलजी चमकलेला चालत नाही. मुलगी बसली की लोक तिच्याकडेच बघणार ही भीती. एका गायकाने मला तोंडावर सांगितलं होतं, "अहो, लोक गाणं ऐकायला येतात, नवल बघायला नाही." मी तेव्हा हसलो होतो. आज हसू येत नाही.

---

गोदाकाठची
४ जुलै, रात्री १०:४८

दादा, खरं लिहिलंत, बरं वाटलं. "हात पुरायचा नाही" ऐकून ती तीन दिवस रोज जास्तीचा एक तास बसतेय. कायदे (रियाजाच्या ठरलेल्या रचना) दुप्पट-चौपट लयीत. मला सांगता येईना की बाई, हाताचं नाहीच हे. तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. म्हणाली, "मग गाडीचं बघू ना. हाताचं कशाला सांगतात?"

---

बिनधास्त_बाबूराव
५ जुलै, सकाळी ६:५५

पंजाचा मुद्दा मागे घेतो. काल रिम्पा शिवा ऐकल्या. पंचवीस मिनिटं. चहा गार झाला.

गाडीचा मुद्दा मात्र सोडत नाही. तो खराच आहे. मी दोन मुलींचा बाप आहे, रात्री बाराला येवल्याहून येऊ दिली नसती.

---

तबलेवाली
५ जुलै, सकाळी ९:३०

बाबूराव, तुमच्या मुली नर्स असत्या तर?

---

बिनधास्त_बाबूराव
५ जुलै, सकाळी ९:४१

धाकटी नर्सच आहे. रात्रपाळी असते. गप्प बसतो.

---

आजी_गंगेवरची
५ जुलै, दुपारी ४:१०

नातवाने हे वाचायला दिलं. मी सांगतेय, तो टाइप करतोय, चुकलं तर त्याला बोला.

माझं वय एकाहत्तर. आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे, दर गुरुवारी बसतं, एकादशीला जास्त वेळ. मी ढोलकी वाजवते. आज सव्वीस वर्षं झाली. शिकले कुणाकडून? कुणाकडूनच नाही. आमच्याकडे वाजवायला एक मामा यायचे, म्हातारे होते. ते म्हणत, बायांनो, मला आता जिना चढवत नाही. मग काय करायचं? भजन बंद करायचं का? मी म्हटलं, द्या इकडं. लहानपणी मंगळागौरीला सूप वाजवलेलं, घागर फुंकलेली, लाट्या बाई लाट्या केलेलं. तालाचं काही वाटलं नाही. आपल्या बायकांचा ताल सगळा सुपात, टाळ्यांत नि फुगडीच्या पायात. कातड्यावर तेवढा हात नव्हता पडला.

अडचण आली ती बांगड्यांची. हातभर हिरवा चुडा, ढोलकीवर थाप मारली की खळ्ळकन. दोन फुटल्या, एक काच तळहातात गेली. सासूबाई होत्या तेव्हा. बांगड्या काढते म्हटलं तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. सवाष्णीने रिकाम्या हाताने बसायचं? देवापुढं? झालं. महिनाभर त्यावर बोलणी. मी कुणाशी भांडले नाही. बांगड्या कोपराकडं वर सारायच्या आणि ह्यांचा मोठा रुमाल घट्ट गुंडाळायचा. दोन्ही हातांना. वरून पदर. असं अकरा वर्षं वाजवलं. हे गेल्यावर बांगड्या गेल्या, पण रुमालाची सवय राहिली. अजूनही रुमाल बांधल्याशिवाय हात चालत नाही माझा, रिकामं वाटतं.

तर सांगायचं काय, आता माझा उजवा खांदा धरलाय. डॉक्टर म्हणतात ढोलकी बंद. मंडळात सगळ्या साठीच्या पुढच्या. गोदाकाठची ताई, तुमची पोर गुरुवारी चारला मोकळी असते का? आमच्याकडं गाडीचा प्रश्न नाही, सहाला सगळ्या घरी जाऊन कुकर लावतात.

---

मिसळ_विदाउट_तर्री
५ जुलै, दुपारी ४:२२

आजी, तुमच्या नातवाला सांगा, टाइपिंग उत्तम आहे.

---

लेणीवेडा
५ जुलै, रात्री ८:००

रुमालाचा एक फोटो टाकता येईल का, आजी?

---

आजी_गंगेवरची
६ जुलै, सकाळी १०:०५

रुमालाचा कसला फोटो. धुवायला टाकलाय.

---

गोदाकाठची
१९ जुलै, रात्री ९:३०

खूप दिवसांनी. दहावीची पहिली चाचणी होती.

परवाच्या गुरुवारी गेलो. गेल्या गेल्या सात जणींनी "ही का गं ती झांजांची?" म्हणून विचारलं. (आजी, तुमचा नातू सगळ्यांना वाचून दाखवतो वाटतं.) तबलेवाली ताईंचं ऐकून काळी चारचा तबला आणायला आदल्या दिवशी गेलो होतो. दुकानदाराने ह्यांच्याकडे बघून विचारलं, "कुणाला हवाय?" ही म्हणाली, "मला," आणि तिथेच खाली बसून चाटेवर, म्हणजे कडेवर, "ना" वाजवून बघायला लागली. चार तबले नाकारले. पाचव्याची शाई जरा खडबडीत होती पण आस (नादाची गुंज) लांब होती, तो घेतला. दुकानदार शेवटी "ताई, चहा घेणार का?" म्हणाला, तेही तिला.

भजनाचं सांगते. सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही गेलं. क्लासमध्ये लेहरा (ताल दाखवत फिरणारी धून) घड्याळासारखा चालतो. इथे एक काकू मधेच ओवी म्हणता म्हणता थांबल्या, शेजारणीला म्हणाल्या "अगं गॅस बंद केलास ना?" आणि पुन्हा तिथूनच उचललं. ही आवर्तनं मोजत बसली आणि हरवली. आजींनी ढोलकी न वाजवता नुसती मान हलवून तिला सम दिली. दुसऱ्या अभंगाला हिने मोजणं सोडलं आणि त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली. मग जमलं. शेवटच्या गजराला लग्गी धरली तेव्हा दोघी जणी उठून फुगडीच घालायला लागल्या.

संवादिनीवाले दादांचा मेसेज आलाय. ऑगस्टमध्ये श्रावणातला एक कार्यक्रम, गंगापूर रोडला, संध्याकाळी पाच ते आठ, गायिका आहेत. "बारावा नंबर द्या," एवढंच लिहिलंय.

आजी, पुढच्या गुरुवारी पट्टी कोणती असेल ते आधी सांगाल का? परवा तीन अभंग तीन पट्ट्यांत झाले. ती सूर बदलायला हातोडी घेऊन नुसती गठ्ठे ठोकत होती.

---

संवादिनीवाला
१९ जुलै, रात्री ९:५२

कार्यक्रमाची पट्टी काळी चार. लिहून देतो. आणि तबलेवाली ताई, तुमचाही नंबर पाठवा. येवल्याच्या गाडीचं पुन्हा बोलू.

---

सिडकोची_सई
१९ जुलै, रात्री १०:०१

मला काड्या मिळाल्या!! ताशाच्या!! सराव सुरू झालाय, शेजारी वैतागलेत.

---

बिनधास्त_बाबूराव
२० जुलै, सकाळी ७:०५

आजी, मंडळ नेमकं कुठे बसतं? आमच्या सौंना पाठवतो. टाळ वाजवतात.

---

आजी_गंगेवरची
२० जुलै, दुपारी ४:३०

बाबूराव, पाठवा. पण टाळवाल्या आमच्याकडं आधीच नऊ आहेत, त्यांना ढोलकी शिकावी लागेल. रुमाल घेऊन यायला सांगा.

आणि पोरी, पट्टीचं म्हणशील तर आम्ही जिथून सुरू करतो ती पट्टी. तू हातोडी आण.